खाक्याबाहेरचा चेहरा

त्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक देवदूताला, प्रत्येक राणीला आणि मांडीवर मूल घेतलेल्या प्रत्येक मातेला एकच चेहरा होता, आणि तो धाकट्याच्या आईचा होता.

कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली कामाची खोली, तिला लागून रंग घोटायची अरुंद जागा, दर्शनी बाजूला गिऱ्हाइकांसाठी दिवाणखाना, आणि मागे स्वयंपाकघर व दगडी फरशीचे अंगण. बाबा तिथे युरोपातल्या प्रबोधनकाळातील चित्रांच्या नकला करत आणि त्याच धाटणीची नवी चित्रेही रंगवत. हॉटेलांचे जिने, वकिलांच्या कचेऱ्या, दवाखान्यांतल्या ताटकळण्याच्या खोल्या, सगळीकडे त्यांच्या हातची शांत, तपकिरी सावल्यांची माणसे भिंतीवरून खाली बघत असत. लग्न झाले त्या वर्षी बाबांनी आईला खिडकीशी बसवून तिचा चेहरा कागदावर रेखला होता आणि मग प्रत्येक रेषेवर सुईने बारीक भोके पाडली होती. हा त्यांचा खाका. पांढरा लेप दिलेल्या फळीवर तो ठेवायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर हलकेच थोपटायची, की खाली ठिपक्यांचा चेहरा उमटे. ठिपके जोडले की आई तयार. कागद उलटा धरला की डावीकडे बघणारी आई उजवीकडे बघू लागे.

"माझी इतकी तोंडं गावभर टांगलीत," आई म्हणे, "पण त्यातलं एकही भांडी घासायला येत नाही."

बाबा यावर कधी हसत नसत. त्यांच्या लेखी तो खाका ही थट्टेची वस्तू नव्हती. ते तो सपाट पेटीत मऊ कापडात गुंडाळून ठेवत आणि पेटीची किल्ली थोरल्या मुलाकडे, दादाकडेही देत नसत.

उत्तरेच्या खिडकीशी फळी टेकवायची स्वतःची लाकडी घोडी लावायची, म्हणजे या घरात पुरता चित्रकार म्हणून गणले जायचे, तर परीक्षेचे चित्र द्यावे लागे. विषय ठरलेला: आई. पद्धतही ठरलेली. आधी खाका, मग तपकिरी रंगातली सावल्यांची मांडणी, मग ती वाळेपर्यंत वाट पाहणे, मग तेलात विरघळलेल्या पातळ रंगाचे एकावर एक पदर. शेवटी बाबा रेशमी रुमाल बोटाला गुंडाळून चित्रावरून फिरवत. रुमाल पाण्यावरून फिरावा तसा फिरला तर पास. कुठे अडकला, कुठे कुंचल्याचा ओरखडा लागला, तर नापास. आणि नापास झालेले चित्र खरवडून फळी पुन्हा वापरात घ्यायची. दादा पहिल्या झटक्यात पास झाला होता. धाकटा पंचविशी ओलांडूनही दादाच्या हाताखाली वस्त्रांच्या चुण्या रंगवत होता.

तो मुळात अबोल. कुणी विचारले तर उत्तर द्यायचा, तेही निम्मे. दादा त्याला ढगोबा म्हणायचा. "ढगोबा, बरस की जरा," असे म्हणून पाठीत थाप मारायचा, आणि धाकटा कसनुसे हसून कुंचले धुवायला निघून जायचा. जे बोलायचे ते सगळे त्याच्या आतच राहत असे आणि रात्रंदिवस मुरत असे.

वस्त्रांच्या चुण्या शिकण्यासाठीच बाबांनी त्याला शहराच्या संग्रहालयात पाठवायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर प्रबोधनकाळाचे दालन होते. तिथल्या चित्रांसमोर उभे राहिले की त्याला बाबांचा अभिमान वाटे, कारण बाबांनी शिकवलेले सगळे तिथे खरे ठरत होते. फरशीच्या रेषा एकाच बिंदूकडे आज्ञाधारकपणे धावत होत्या. माणसे त्रिकोणात बसली होती आणि त्या त्रिकोणातून कुणाची करंगळीही बाहेर येत नव्हती. गालाची कडा सावलीत कुठे विरते ते कितीही निरखले तरी सापडत नव्हते. पहिला रंग लागण्यापूर्वीच तिथे सगळे ठरून गेले होते, आणि ज्यांची चित्रे काढली त्यांनाही जणू ठाऊक होते की आपल्याकडे आता शेकडो वर्षे बघितले जाणार आहे.

बाहेर पडायची वाट मात्र खालच्या दालनातून होती. तिथे इम्प्रेशनिस्ट होते, क्षणाचा उजेड भराभर रंगात पकडणारे. पहिल्या दिवशी तो तिथून मान खाली घालून गेला, कारण घरात या मंडळींना 'शिंतोडेवाले' म्हणत. दुसऱ्या खेपेला मान वर झाली. एका बागेत एक बाई उभी होती. जवळून बघितले तर बाई नव्हतीच, नुसती रंगांची बोटे ओढलेली होती. मागे सरकले की ती पुन्हा उभी राही, आणि तिच्या पांढऱ्या कपड्यांवर पडलेली झाडाची सावली जांभळी होती. काळी नव्हे, तपकिरी नव्हे, जांभळी. धाकट्याने आयुष्यभर सावल्या तपकिरी रंगवल्या होत्या. तो रस्त्यावर आला, समोरच्या भिंतीवर दिव्याच्या खांबाची सावली पडली होती, आणि तीही जांभळीच होती. कुणी तरी आपल्यापासून फार दिवस काही लपवून ठेवले होते, असे त्याला वाटले. मग लक्षात आले की लपवलेले काही नव्हतेच. ते रोज पायाशी पडलेले होते.

वर आदर होता, खाली धडधड होती. दोन्हींत खोटे काय, असे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारले, आणि दोन्हींत खोटे सापडेना, याचाच त्याला जास्त त्रास झाला.

जेवताना एकदा त्याच्या तोंडून ते निसटले. "बाबा, सावली जांभळी असते."

दादाने घास तसाच धरला. "ढगोबाला वीज चमकली!"

"सावली म्हणजे उजेड नसणं," बाबा शांतपणे म्हणाले. "जे नाही त्याला रंग कुठला? त्या शिंतोडेवाल्यांच्या दालनात गेला होतास ना?"

"वाटेतच आहे ते."

"वाटेत गटारही असतं. त्यात उतरायचं नसतं." मग ताट बाजूला सारून ते जरा मऊ आवाजात बोलले. "अरे, क्षण पकडायची हौस मलाही होती. पण क्षण पकडून करायचं काय? तो गेला की हातात घाई तेवढी उरते. माणसाचं आजचं ऊन, आजचा घाम, आजचा रुसवा हे सगळं गाळून जे खाली बसतं, ते मी रंगवतो. म्हणून पदरावर पदर, म्हणून वाट बघणं. कळलं?"

धाकट्याला कळले होते. बाबांचे म्हणणे सुंदर होते, हेही त्याला कळले होते. आईने त्याच्या ताटात न विचारता वाढले आणि म्हणाली, "आजचा घाम गाळला तर माझं खाली काय बसेल हो? मीठ?"

त्याच आठवड्यात बाबांनी पेटी उघडून खाका त्याच्या हाती दिला. परीक्षा आली होती.

त्याने सगळे रीतसर केले. फळी घासली, लेप दिला, खाका ठेवला, पुरचुंडी थोपटली. ठिपक्यांतून आई उमटली: गोल गाल, सरळ नाक, किंचित झुकलेल्या पापण्या. तपकिरी मांडणी झाली आणि फळी वाळत ठेवून तो अंगणाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

अंगणात आई कारखान्याच्या चिंध्या आणि चादरी वाळत घालत होती. सकाळचे ऊन कौलांवरून नुकतेच खाली उतरत होते. ओली चादर तिने झटकून दोरीवर टाकली आणि ऊन त्या चादरीतून गाळले जाऊन तिच्या चेहऱ्यावर पडले. एक गाल फिका निळा, दुसरा जवळजवळ नारिंगी. भुवईवर फरशीवरून उसळलेला हिरवट उजेड. तोंडात लाकडी चिमटे धरलेले. आणि नाक मध्यावर उंचावलेले, मग एका अंगाला कललेले.

नाक! धाकटा दचकला. बारा वर्षांपूर्वी कामाच्या खोलीत सांडलेल्या जवसाच्या तेलावरून आई घसरली होती, नाकाचे हाड मोडले होते, आठवडाभर ती सुजलेल्या तोंडाने स्वयंपाक करत होती. हे त्याला आठवत होते. पण ते नाक तेव्हापासून तसेच वाकडे आहे, हे मात्र त्याने आज पहिल्यांदा पाहिले. रोज सकाळ-संध्याकाळ तो आईकडे बघत होता आणि दिसत होता खाका.

तो आत गेला, दुसरी फळी घेतली, घोडी उचलून अंगणात मांडली.

"हे काय नवीन?" आईने चिमट्यांमधून विचारले.

"तुझं चित्र काढतोय."

"मग बसू कुठे? ओल्या फरशीवर?"

"बसू नकोस. तुझं चालू दे."

आई थबकली. या घरात चित्र म्हणजे कुणीतरी कुणाला तरी 'हलू नका' म्हणणे, एवढेच तिने आजवर ऐकले होते. "बरा आहेस ना?" असे म्हणून तिने पुढची चादर उचलली.

खाका नव्हता, तपकिरी नव्हते, वाट बघणे नव्हते. ऊन चादरीवर असेतोवर काम, चादर वाळून हलकी झाली की काम बंद; कारण मग उजेड बदले आणि आईही दुसरीच होई. तो रोज त्याच वेळी येऊन बसू लागला. ओल्या रंगात ओला रंग, जाड, घाईचा, कुंचल्याच्या केसांसकट. काळ्या रंगाची नळी त्याने उघडलीच नाही. आई कधी गुणगुणायची, कधी शेजारणीवर करवादायची, कधी येऊन फळीला नाक लावून म्हणायची, "यात मी कुठाय रे? मला तर नुसते डाग दिसतात."

"लांबून बघ."

"लांब जायला वेळ कुणाला आहे!"

एक ढगाळ सकाळ गेली, एक दिवस चादरीच नव्हत्या. चित्र झाले तेव्हा धाकट्याला आनंदाहून भीती जास्त वाटली. आतली रीतसर फळी तपकिरी अवस्थेतच भिंतीला टेकून होती. अजूनही परत फिरता आले असते. त्याने ती फळी उचलली, बघितली, आणि तोंड भिंतीकडे करून ठेवून दिली.

रंग वरवर वाळल्यावर बाबांनी एका सकाळी दिवाणखान्यात परीक्षा ठेवली. त्या खोलीत पूर्वेला एक खिडकी होती आणि तिन्ही भिंतींवर आई होती, मुकुट घातलेली, पंख लावलेली, मांडीवर मूल घेतलेली. दादाने घोडी मधोमध मांडली. धाकट्याने फळीवरचे कापड काढले.

दादा जवळ वाकला, मग मागे सरकत गेला, सरकता सरकता खुर्चीला धडकला आणि तसाच उभा राहिला. "अरे..." तो पुटपुटला. "आईच आहे की."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. त्यांनी रुमाल बोटाला गुंडाळला. कपाळापाशी ठेवला, जरा ओढला. अडकला. गालावर ठेवला. अडकला. चादरीच्या उन्हात एके ठिकाणी रंग आतून अजून ओला होता. रुमाल निघाला तो तिथला जांभळा घेऊनच निघाला.

"ही परीक्षा आहे, की माझी थट्टा?"

"परीक्षाच आहे, बाबा."

"हा गाल निळा का? मार बसलाय तिला?"

"चादरीतून ऊन येत होतं."

"आणि हे नाक? नाक साफ चुकलंय." बाबांचा आवाज चढला. "तिचं नाक मी डोळे मिटून काढतो. खाका दिला होता ना हातात? मग चुकतं कसं?"

या वेळी धाकट्याचे बोलणे आत मुरायला गेले नाही. "नाक चुकलेलं नाही," तो म्हणाला. "खाका चुकलाय."

या घरात हे वाक्य कुणी उच्चारले नव्हते.

"काय म्हणालास?"

"खाका आता चुकलाय. तुम्ही कितीतरी वर्षांत आईकडे बघितलेलं नाही. तुम्हाला ती पाठ आहे, एवढंच."

"दादा," बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "खरवडणी आण. फळी चांगली आहे, वाया नको जायला."

दादा जागचा हलला नाही, आणि धाकटा हलला. तो चित्र आणि बाबा यांच्या मधे येऊन उभा राहिला. त्याने हात पाठीमागे नेऊन फळीची कड धरली. "मी खरवडू देणार नाही."

"घराचा नियम आहे."

"असू दे."

"कसला गोंधळ चाललाय?" ओले हात पुसत आई दारात उभी होती. तिने एकेकाचा चेहरा बघितला, मग घोडीवरचा स्वतःचा. आज पहिल्यांदाच ती पुरेशी लांब उभी होती. मग म्हणाली, "चिमटेसुद्धा काढलेत की रे मेल्या. चारचौघांत शोभेल असं काही सुचलं नाही?" आणि तिचा आवाज मधेच चिरकला.

"अगं, नाक बघ," बाबा म्हणाले. "हे तुझं नाक आहे?"

"मग कुणाचं? तुमच्याच तेलावरून घसरून मोडलंय. तेव्हा तुम्ही चित्राला सोन्याचा वर्ख लावत होता. 'जपून' म्हणालात, तेही मला नव्हे, वर्खाला."

बाबा सरळ पेटीपाशी गेले. खाका बाहेर काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला. साक्षीदार उभा करावा तसा. "हे बघा. हा पुरावा. एक रेष चुकीची दाखवा."

"रेष चुकीची कशी असेल? जीव ओतलात तुम्ही त्यात," आई म्हणाली. "आणा इकडे. मला लावून बघा."

तिने कागद त्यांच्या हातून घेतला, पूर्वेच्या खिडकीला पाठ दिलेल्या बाबांसमोर ती उभी राहिली, आणि खाका त्यांच्याच हातात परत देऊन म्हणाली, "धरा. माझ्या तोंडासमोर धरा. जुळतोय का बघा."

बाबांनी धरला. त्यांच्या मागून आलेले ऊन कागदाच्या भोकाभोकांतून पार झाले आणि आईच्या चेहऱ्यावर उजेडाचे ठिपके पडले. ठिपक्यांचे नाक आईच्या नाकाच्या बाजूने सरळ गालावर उतरले होते. ठिपक्यांच्या पापण्या तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत जाऊन पडल्या होत्या. हनुवटीची गोल रेषा तिच्या मानेवर लोंबत होती. बाबांनी कागद वर केला, खाली केला, जवळ नेला, लांब नेला. ठिपके तिच्या तोंडावरून भिरभिरत राहिले, कधी कपाळावर, कधी ओठांवर, आणि कुठेच बसेनात. आई डोळे किलकिले करून उभी होती. कुणी न सांगता, ती आज पहिल्यांदा हलत नव्हती.

भिंतींवरून तिची सगळी तरुण तोंडे हे बघत होती.

बाबांनी कागद खाली घेतला. फार सावकाश, फार जपून त्यांनी तो मऊ कापडात गुंडाळला. "परीक्षा रुमालाची असते," ते म्हणाले. "रुमाल अडकला. नापास."

"मान्य," धाकटा म्हणाला. "पण मी पुन्हा काढणार नाही. आणि हे खरवडायचंही नाही."

"मग उत्तरेची खिडकी विसर."

"तुमच्या पदरांतलं जे शिकलोय, ते विसरणार नाही, बाबा. वरच्या दालनासमोर मी आजही हात जोडीन. पण तिथल्या चित्रकारांनी त्यांच्या समोरच्या बाईकडे बघितलं होतं. आपण फक्त त्यांच्याकडे बघतो. मला खिडकी नको. मी अंगणात बसेन."

"पाऊस आला म्हणजे?" दादाने मधेच विचारले. त्याला खरोखरच काळजी वाटली असावी.

"मग पाऊस काढीन."

आई पुढे झाली. तिने घोडीवरची फळी दोन्ही हातांनी उचलली, ओल्या ठिकाणी अंगठा लागणार नाही अशी बेताने. "माझं तोंड कुठे टांगायचं, हे आजवर मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "हे स्वयंपाकघरात लागेल. खिळा मी ठोकते. खरवडणी घेऊन तिकडे कुणी फिरकलं, तर आज चूल पेटणार नाही, सांगून ठेवते." आणि ती गेली. थोड्याच वेळात आतून हातोडीचे ठोके ऐकू आले, एक वाकडा, दोन सरळ.

बाबा दिवाणखान्यात एकटेच बसून राहिले. जांभळा डाग पडलेला रुमाल त्यांच्या गुडघ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने घोडी अंगणात मांडली. वस्त्रांच्या चुण्यांचे काम दादाने न बोलता स्वतःकडे ओढून घेतले होते. आईने आज निळी चादर झटकली होती, त्यामुळे सगळेच बदलले होते, आणि धाकटा पहिल्या रंगापाशीच अडखळत होता. आपण काय सोडून आलो हे त्याला रात्रभर छळत राहिले होते: ती खिडकी, तो स्थिर थंड उजेड, पदर वाळण्याची ती लांबलचक शांतता. ते सगळे त्याला आवडत होते. तरीही त्याने कुंचला भरला.

कामाच्या खोलीची एक लहान खिडकी अंगणात उघडत असे. ती बहुधा बंदच असायची, धूळ नको म्हणून. ती आज करकरत उघडली. धाकट्याने मागे बघितले नाही. कुणीतरी तिथे उभे होते, बराच वेळ.

"अरे," बाबांचा आवाज आला, कोरडा, नेहमीसारखा. "तिच्या मानेवर एवढा निळा नाहीये. जास्त झालाय तुझा."

धाकट्याचा हात थांबला. बाबा खाक्यावरून बोलत नव्हते. खाक्यात मान नव्हतीच.

"नाही झालेला," तो म्हणाला. "तुम्हाला तिथून दिसत नाही. इथे येऊन बघा."

"मी सांगतो ना, जास्त आहे!"

"इथे येऊन सांगा."

"भांडा, भांडा," चादरीमागून आई म्हणाली. "ऊन काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"